कुलाबा टर्मिनस : भरावावर उभे राहिलेले आणि भरावासाठी उठवलेले स्थानक

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीचे, म्हणजे बोलण्यात जिला नुसत्या आद्याक्षरांनी 'बी.बी.सी.आय.' म्हटले जाई तिचे, मुंबईतील टर्मिनस एके काळी कुलाब्याला होते. टर्मिनस म्हणजे ज्याच्या पुढे रूळ जात नाहीत असे शेवटचे स्थानक. चर्चगेटच्या दक्षिणेला जेमतेम दीड-दोन किलोमीटरांवर असलेल्या या ठिकाणी मार्ग १८७३ च्या सुमारास पोहोचला, एप्रिल १८९६ मध्ये तेथे प्रवाशांसाठी नवे स्थानक सुरू झाले आणि ३१ डिसेंबर १९३० च्या मध्यरात्रीनंतर ते कायमचे बंद झाले. आज त्या आवारात फलाट नाही आणि रूळही नाहीत. रेल्वे अधिकाऱ्यांच्या निवासाची 'बधवार पार्क' ही वसाहत तेथे आहे आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या बहुतेकांना येथून एके काळी पेशावरची गाडी सुटत असे याची कल्पनाही नसते.

नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांसाठी या स्थानकाचा इतिहास सांगण्याचे कारण रुळांशी निगडित आहे. सुरतेहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा या वाटेने अमळनेरपर्यंत जाणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग १८९८ ते १९०० या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला, तो पहिल्यापासून बी.बी.सी.आय.नेच चालवला आणि त्याच्या रुळांची रुंदी मुख्य मार्गाइतकीच, म्हणजे साडेपाच फूट होती. त्यामुळे नंदुरबारला भरलेला मालडबा वाटेत कोठेही रिकामा न करता थेट मुंबईपर्यंत नेता येत असे, आणि त्या मार्गाचे मुंबईतील अखेरचे टोक पहिली तीस वर्षे कुलाबा हेच होते. आजच्या अंतरांनी हिशेब केला, तर हा प्रवास सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा भरतो.

बंद पडलेल्या स्थानकांचा इतिहास बहुधा घटत्या प्रवाशांचा असतो. ब्रिटनमध्ये रेल्वेविषयी रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल मार्च १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस होती. त्यांतील बहुतेक स्थानके लहान गावांची होती, मोटारी व बसगाड्यांनी त्यांचे उतारू ओढून नेले होते आणि खर्च उत्पन्नाहून फार वाढला होता. खानदेशातच पाचोरा–जामनेर या अडीच फुटी अरुंद मार्गावरील, लोकांच्या तोंडी 'पीजे' असलेली गाडी २०२० मध्ये थांबली, तेव्हाही तिच्या मागे तोट्याची दीर्घ परंपरा होती. कुलाब्याची गोष्ट या जातीची नाही. ज्या दिवशी ते बंद झाले त्या दिवशी त्याच्या फलाटांवर विजेच्या लोकलगाड्या येत-जात होत्या आणि देशातील सर्वांत नावाजलेल्या गाड्यांपैकी एक तेथून सुटत होती. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या एका योजनेतून हे स्थानक जन्मले आणि समुद्र बुजवण्याच्याच दुसऱ्या योजनेने ते उठवले; त्याचा इतिहास वाहतुकीपेक्षा जमिनीच्या भावाने अधिक घडवला आहे.

बी.बी.सी.आय. कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली. कर्नल जॉन पिट केनेडी हे तिचे प्रमुख प्रवर्तक होते आणि पश्चिम किनाऱ्याच्या सपाटीवरून, घाट न चढता, गुजरातचा कापूस मुंबईला आणता येईल हा त्यांचा आग्रह होता. त्या काळातील इतर रेल्वे कंपन्यांप्रमाणे या कंपनीलाही सरकारची 'गॅरंटी' होती. गॅरंटी म्हणजे, मार्गाला नफा होवो वा न होवो, भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याज मिळण्याची हमी, आणि ते व्याज अखेरीस येथील रयतेच्या करातून भरले जाई. त्यामुळे लंडनच्या भागधारकाला झोप चांगली लागत असे, असे म्हणण्यास हरकत नाही. कंपनीने काम मुंबईहून सुरू न करता गुजरातेतून सुरू केले. अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला टप्पा फेब्रुवारी १८६० मध्ये खुला झाला, आणि वसईच्या खाडीसह दक्षिणेकडील नद्या-खाड्यांवर पूल बांधत मार्ग २८ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत आला.

ग्रँट रोड तेव्हा शहराच्या वेशीवर होते. बंदर, पेढ्या, कचेऱ्या आणि मुख्य म्हणजे कापसाचा बाजार हे सारे त्याच्या दक्षिणेला होते. प्रतिस्पर्धी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे जी.आय.पी.ने, बोरीबंदरला आपले बस्तान आधीच बसवले होते. पश्चिमेच्या बाजूने दक्षिणेकडे जायचे तर गिरगाव आणि काळबादेवीच्या दाट वस्तीला लागूनच समुद्र होता आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत लोहमार्गाला पुरेशी जमीन नव्हती. घरे पाडून मार्ग काढण्यापेक्षा समुद्र हटवून तो काढावा, हा विचार अशा परिस्थितीत पुढे आला. मलबार टेकडी आणि कुलाबा यांच्यामधल्या अर्धवर्तुळाकार उथळ उपसागराला 'बॅकबे' म्हणत. त्याच्या काठाने भराव टाकावा, भरावाचा काही भाग रेल्वेला द्यावा आणि उरलेली जमीन विकून खर्च भागवावा, अशी ती कल्पना होती.

सरकारने हे काम स्वतः न करता एका खाजगी कंपनीला दिले, आणि त्यातून मुंबईच्या इतिहासातील सर्वांत कुप्रसिद्ध सट्टा उभा राहिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले होते. मुंबईत आलेला पैसा कोठे गुंतवावा हा प्रश्न पडला, तेव्हा समुद्रातून निघणाऱ्या जमिनीइतके मोहक दुसरे काही नव्हते. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या पाठबळाने बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपये भरलेल्या समभागाचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. अमेरिकेतील युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापसाबरोबर सारेच कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या हिशेबांचा दिवस होता, आणि त्या दिवशी देणी फेडता न आल्याने मुंबईतील अनेक मोठ्या घराण्यांचे दिवाळे वाजले. बॅकबे कंपनी बुडाली. मात्र तिने टाकलेल्या भरावाची किनाऱ्यालगतची पट्टी शिल्लक राहिली, ती सरकारकडे आली आणि तिच्यावरून लोहमार्ग व क्वीन्स रोड, म्हणजे आजचा महर्षी कर्वे रस्ता, हे दोन्ही निघाले. चर्नी रोड ते चर्चगेट प्रवास करणारा आजचा उतारू ज्या जमिनीवरून जातो ती त्या दिवाळखोरीची मिळकत आहे.

या पट्टीवरून मार्ग हळूहळू दक्षिणेकडे सरकला. १८६६ मध्ये तो बॅकबे नावाच्या स्थानकापर्यंत गेला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी दिवसातून एक जाणारी व एक येणारी गाडी सुरू झाली. मुंबईच्या पश्चिम उपनगरी वाहतुकीचा प्रारंभ हाच मानला जातो. १८७० मध्ये चर्चगेट स्थानक झाले. त्याला नाव देणारा किल्ल्याचा दरवाजा त्याआधीच, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तटबंदी पाडली गेली तेव्हा, नाहीसा झाला होता. त्यानंतर ओव्हल मैदानाच्या पश्चिमेने व कूपरेजच्या बाजूने रूळ कुलाब्यापर्यंत नेले गेले. त्या काळी या संपूर्ण वाटेवर गाडीच्या एका अंगाला खुला समुद्र होता. मरीन ड्राइव्ह नव्हता, त्यावरच्या इमारती नव्हत्या, आणि भरतीच्या वेळी लाटा रुळांपासून फार दूर नसत.

कुलाबा हे मुळात वेगळे बेट. १८३८ मध्ये बांधलेल्या कॉजवेने, म्हणजे पाण्यातून काढलेल्या उंच रस्त्याने, ते मुंबईला जोडले गेले. १८४४ मध्ये कापसाचा बाजार किल्ल्यातील सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानातून हलवून येथे आणण्यात आला, कारण तटबंदीच्या आत उघड्यावर रचलेल्या गासड्या आगीच्या दृष्टीने धोक्याच्या होत्या आणि वाहतुकीची कोंडी करीत. या बाजाराला 'कॉटन ग्रीन' म्हणत. १८७४ च्या मे महिन्यात कुलाब्याहून पायधुणीपर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १८७५ मध्ये सासून डॉक हा पाणी अडवून ठेवता येणारा धक्का जवळच तयार झाला. अशा रीतीने रूळ, बाजार आणि धक्का ही तीनही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आली, आणि बी.बी.सी.आय.ला कुलाब्यापर्यंत येण्याची इतकी घाई का होती ते येथे उलगडते. प्रवासी हे त्या काळी दुय्यम उत्पन्न होते. खरे उत्पन्न कापसाचे होते.

कापसाचा हा व्यवहार कसा चाले ते थोडे तपशिलाने पाहणे योग्य ठरेल, कारण तापी खोऱ्यातील शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव अखेरीस त्या मैदानातच ठरत असे. शेतातून वेचून आणलेल्या कपाशीतून आधी सरकी, म्हणजे बी, वेगळी काढावी लागे. हे काम जिनिंगचे. सरकी निघाल्यावर उरलेली रुई वाफेच्या दाबयंत्रात दाबून, गोणपाट व लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिची गासडी बांधत; हे काम प्रेसिंगचे. मुंबईच्या व्यापारात गासडीचे प्रमाण वजन ३९२ पौंड, म्हणजे सुमारे १७८ किलो, असे आणि भाव खंडीवर बोलला जाई. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची असल्याने दोन गासड्यांची बरोबर एक खंडी होत असे. कुलाब्याच्या मैदानात गासड्यांच्या थप्प्या लागलेल्या असत आणि सौदा ठरण्याआधी खरेदीदाराचा माणूस गासडीच्या कडेने थोडी रुई उपसून घेई, ती दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जन्यांत धरून हळूहळू ओढी, तंतू पुन्हा एकावर एक ठेवी, असे काही वेळा करून उरलेल्या झुबक्यावरून धाग्याची लांबी व मजबुती ताडी, आणि मग काळ्या पानांचा चुरा किंवा ओल किती आहे ते पाही. भडोच, धारवाड, उमरावती, खानदेश ही जिल्ह्यांची व गावांची नावे या बाजारात कापसाच्या जातींची नावे म्हणून वापरली जात. हलका माल भारी मालात मिसळण्याचा प्रकार इतका वाढला की तो रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये खास कायदा केला होता, आणि भेसळीची तक्रार त्या कायद्यानंतरही पुष्कळ वर्षे चालूच राहिली.

रेल्वेपूर्वी पश्चिम खानदेशचा कापूस बैलगाड्यांतून दोन दिशांनी बाहेर जाई. एक वाट नाशिककडून थळ घाटाने मुंबईला उतरे आणि दुसरी साक्रीजवळच्या कोंडाईबारी घाटातून नवापूर-सोनगडमार्गे सुरतेला पोहोचे. १८६० च्या दशकात जी.आय.पी.चा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशच्या पूर्व भागातून गेला. त्याने जळगाव ही बाजारपेठ घडवली, मात्र नंदुरबार, तळोदे, शहादे हा तापीकाठचा सुपीक पट्टा त्याच्यापासून दूरच राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठी १८९० च्या दशकात ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनी उभी राहिली. तिचे मॅनेजिंग एजंट मुंबईचे किलिक निक्सन आणि कंपनी हे होते. मॅनेजिंग एजंट म्हणजे भांडवल भागधारकांचे, पण कारभार व त्यावरील मोबदला कराराने एका पेढीकडे, अशी त्या काळातील व्यवस्था. किलिक निक्सन पेढीकडे पश्चिम भारतातील अशा अनेक लहान रेल्वे कंपन्यांचा कारभार होता, आणि पाचोरा–जामनेर मार्गही पुढे तिच्याच छत्राखाली झाला. ताप्ती व्हॅली कंपनीकडे मार्गाची मालकी होती, गाड्या मात्र बी.बी.सी.आय. चालवी व उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा घेई. सुरत ते अमळनेर ही लांबी सुमारे १५५ मैल, म्हणजे अडीचशे किलोमीटर होती. अमळनेरच्या पुढे जळगावपर्यंतचा दुवा जी.आय.पी.चा.

मार्ग पूर्णत्वाला जात असतानाच १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ मध्ये आलेला म्हणून गुजरात व खानदेशात तो 'छप्पन्याचा दुष्काळ' या नावाने स्मरणात राहिला, आणि पश्चिम खानदेशातील भिल्ल व इतर आदिवासी समाजांनी त्याची झळ सर्वाधिक सोसली. रेल्वेमुळे धान्य आत आणता आले हे खरे आहे. परंतु ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याला डब्यातून उतरलेले धान्यही विकत घेता येत नसे, ही गोष्ट तत्कालीन सरकारी वर्णनांत फारशी ठळकपणे येत नाही. पुढील वर्षांत नंदुरबार व दोंडाईचे येथे मालाची चढउतार वाढली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने रुळांच्या आसपास उभे राहू लागले, आणि घाटातून जाणाऱ्या बैलगाड्यांचा दूरचा धंदा बसला. सुरतेपर्यंत आलेला माल तेथील व्यापारात खपे किंवा मुख्य मार्गाने मुंबईला जाई. जळगावकडून जी.आय.पी.ने गेलेला माल आणि सुरतेकडून बी.बी.सी.आय.ने गेलेला माल हे मुंबईत दोन वेगळ्या टोकांना उतरत, तरी भावाचे मैदान दोघांना एकच होते.

कुलाब्याच्या स्थानकाला खऱ्या अर्थाने टर्मिनसचे रूप एप्रिल १८९६ मध्ये आले. त्याआधीची वीस-बावीस वर्षे तेथील सोयी तात्पुरत्याच होत्या आणि मालधक्क्याचा वरचष्मा होता. दरम्यान जी.आय.पी.चे बोरीबंदर येथील व्हिक्टोरिया टर्मिनस फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बांधून झाले होते आणि त्याच्या भव्यतेची चर्चा देशभर होती. बी.बी.सी.आय.ने त्याच स्टीव्हन्स यांच्याकडून चर्चगेटसमोर आपल्या मुख्य कचेरीची इमारत करून घेतली. ती १८९९ मध्ये पुरी झाली आणि आजही पश्चिम रेल्वेचे मुख्यालय तिच्यातच आहे. कंपनीने आपला दिमाख कचेरीवर खर्च केला आणि प्रवाशांच्या टर्मिनसला साधेच ठेवले, हे त्या दोन रेल्वे कंपन्यांच्या स्वभावातील अंतर म्हणून नोंदवता येईल. कुलाब्याच्या इमारतीचे नाव मुंबईच्या वास्तुवैभवात घेतले जात नाही, आणि ती राखावी असे १९३० मध्ये कोणाला फारसे वाटले नाही याचे एक कारण हेही असावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या मार्गाचे स्वरूप झपाट्याने बदलले. १८६७ मध्ये एका गाडीने सुरू झालेली उपनगरी वाहतूक १९०० पर्यंत प्रत्येक दिशेला ४५ गाड्यांवर आली होती. वांद्रे, सांताक्रूझ, अंधेरी येथे राहून फोर्टात नोकरी करणारा पांढरपेशा वर्ग वाढत होता. १९०५ मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली, तरी कारभार करारानुसार कंपनीकडेच राहिला. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्गावर विजेची गाडी धावली; देशातील पहिली विजेची गाडी त्यापूर्वी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी जी.आय.पी.ने चालवली होती. वाफेच्या इंजिनाच्या धुराला समुद्रकाठच्या बंगल्यांतील रहिवाशांचा जो आक्षेप असे तो विजेने मिटला, आणि गाड्यांची संख्या व वेग दोन्ही वाढवता आले.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला कुलाब्याहून 'फ्रंटियर मेल' सुटू लागली. बडोदा, रतलाम, मथुरा, दिल्ली, लाहोर, रावळपिंडी या वाटेने ती वायव्य सरहद्दीवरील पेशावरला जाई, आणि जी.आय.पी.च्या पंजाबकडे जाणाऱ्या मेलगाडीला शह देण्याचा त्यामागील हेतू उघड होता. विलायतेहून टपाल व प्रवासी घेऊन आगबोटी येत त्या हंगामात ही गाडी बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरील स्थानकातूनही सुटे. आगबोट ते डबा यांत काही पावलांचेच अंतर राहावे म्हणून गोदी रेल्वेच्या रुळांवर ते स्थानक केले होते, आणि कुलाब्याप्रमाणे तेही पुढे बंद झाले. फ्रंटियर मेल वेळेबाबत इतकी काटेकोर होती की कंपनी त्या गोष्टीची जाहिरात करी. गुजराती व्यापारी, सरहद्दीकडील पलटणींचे अधिकारी आणि संस्थानिकांचे कारभारी यांनी तिचे वरचे वर्ग भरत. पश्चिम खानदेशातून येणाऱ्या उतारूचा तिच्याशी संबंध क्वचितच येई. तो सुरतेला उतरून मुख्य मार्गावरील दुसरी गाडी धरी, आणि पुष्कळदा त्याचा मुंबईतील मुक्काम ग्रँट रोडच्या किंवा दादरच्या आसपास असल्याने कुलाब्यापर्यंत जाण्याचे त्याला कारणही नसे. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण शहराचा गुरुत्वमध्य उत्तरेकडे सरकत असल्याचे ते लक्षण होते आणि टर्मिनस उत्तरेला नेण्याच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादात ते बसत होते.

निर्णायक घाव मात्र समुद्राकडून आला. सर जॉर्ज लॉइड १९१८ च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर झाले, तेव्हा युद्धोत्तर भाववाढीने शहरात घरांची टंचाई होती आणि जमिनीचे दर १८६४ ची आठवण व्हावी इतके चढले होते. बॅकबे बुजवण्याची जुनी योजना त्यांनी पुन्हा हाती घेतली. १९२० मध्ये स्वतंत्र विकास खाते स्थापन झाले आणि मलबार टेकडीच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंत सुमारे १,१४५ एकर जमीन आठ भागांत समुद्रातून काढावी असे ठरले. आधी समुद्रात भिंत बांधायची आणि मग ड्रेजरने, म्हणजे तळाची माती उपसणाऱ्या जहाजाने, बंदरातील चिखल नळांतून आणून आत सोडायचा, अशी पद्धत होती. भिंतीतून चिखल वाहून जाऊ लागला, ड्रेजर अपेक्षेइतके काम करीना, खर्चाचे अंदाज पुनःपुन्हा वाढले आणि इतक्यात जमिनीचे भाव खाली आले. वकील के. एफ. नरिमन यांनी कायदेमंडळात व वर्तमानपत्रांतून या कारभारावर झोड उठवली, त्यांच्यावर झालेला बदनामीचा खटला त्यांनी जिंकला, आणि चौकशी समित्यांनंतर आठपैकी चारच भाग पुरे करण्याचे ठरले. राहिलेल्या भागांपैकी काहींवर स्वातंत्र्यानंतर भराव पडला आणि त्या जमिनीला योजनेच्या त्या कडव्या टीकाकाराचेच नाव देण्यात आले. नरिमन पॉइंट ते हेच.

या योजनेत लोहमार्ग आडवा येत होता. पूर्वी रुळांच्या पश्चिमेला समुद्र असल्याने ते शहराच्या कडेला होते. आता त्यांच्या पश्चिमेला शेकडो एकर विक्रीयोग्य जमीन होणार होती, आणि जुने शहर व नवी वस्ती यांच्यामध्ये चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंत फाटकांनी अडवलेला रेल्वेचा पट्टा राहणे कोणालाच सोयीचे नव्हते. मार्ग चर्चगेटलाच थांबवावा, पुढील जमीन मोकळी करावी आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी उत्तरेला नवे टर्मिनस बांधावे, असा निर्णय झाला. कापसाचा बाजारही त्याच दशकात कुलाब्याहून पोर्ट ट्रस्टच्या शिवडी येथील भरावावर हलवण्यात आला. त्याने आपले जुने नाव बरोबर नेले आणि आज हार्बर मार्गावर 'कॉटन ग्रीन' नावाचे स्थानक आहे. बाजार गेल्यावर कुलाब्याच्या मालधक्क्याचे मूळ प्रयोजनच संपले, आणि प्रवासी वाहतूक तेवढी मार्गाच्या शेवटच्या दीड-दोन किलोमीटरांसाठी उरली.

नवे टर्मिनस बेलासिस रोडजवळ बांधले गेले. क्लॉड बॅटली यांनी आराखडा केला, शापूरजी पालनजी यांनी बांधकाम केले, आणि एकवीस महिन्यांत, सुमारे १ कोटी ५६ लाख रुपये खर्चून ते पुरे झाले. १८ डिसेंबर १९३० रोजी गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या हस्ते 'बॉम्बे सेंट्रल'चे उद्घाटन झाले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत कुलाब्याचे दार बंद झाले आणि १ जानेवारी १९३१ पासून उपनगरी गाड्या चर्चगेटला संपू लागल्या. कुलाबा–चर्चगेट भागावर घातलेल्या विजेच्या तारा तीन वर्षेही पुऱ्या वापरल्या गेल्या नाहीत. विद्युतीकरणाची आखणी एका कचेरीत आणि जमीन मोकळी करण्याची दुसऱ्या कचेरीत चालू असली म्हणजे असा खर्च होतो; ही शंका त्या काळच्या विकास खात्याच्या एकंदर कारभाराशी सुसंगतच म्हणावी लागेल.

रूळ उखडले गेल्यावर मार्गाची जागा रस्ते, उद्याने व इमारती यांनी व्यापली. समुद्रकाठाने १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्ह तयार झाला आणि उतारूंना दिसणारे पाणी इमारतींआड गेले. स्थानकाच्या आवाराची मालकी रेल्वेकडे राहिली म्हणून तेथे अधिकाऱ्यांची निवासस्थाने होऊ शकली. बधवार पार्क हे नाव रेल्वे मंडळाचे एक आरंभीचे भारतीय अध्यक्ष एफ. सी. बधवार यांच्यावरून आहे. चर्चगेटची सध्याची इमारत १९५० च्या दशकातील आहे.

तापी खोऱ्यातील मार्गाचा कारभारही या पुढील काळात बदलत गेला. बी.बी.सी.आय.चा कारभार १९४२ च्या आरंभी सरकारने स्वतःकडे घेतला आणि त्याच वर्षी ताप्ती व्हॅली कंपनीचा मार्गही सरकारजमा झाला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी पश्चिम रेल्वेची स्थापना झाली व दोन्ही मार्ग तिच्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा सरहद्द नवापूर स्थानकाच्या मधून गेली; फलाटाचा एक भाग नंदुरबार जिल्ह्यात व दुसरा तापी जिल्ह्यात आहे आणि तेथील सूचना मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत दिल्या जातात. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. उधना–जळगाव या सुमारे तीनशे सहा किलोमीटरांच्या मार्गाचे दुहेरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले.

महाराष्ट्रातील असूनही नंदुरबारचे स्थानक भुसावळ विभागात नाही. जुन्या कंपनीची वाटणी तशीच चालत आल्याने ते पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात आहे आणि त्या विभागाचे कार्यालय १९३० मध्ये बांधलेल्या मुंबई सेंट्रलला आहे. मुंबई सेंट्रललाही पुढे जागा अपुरी पडू लागली आणि वांद्र्याला वेगळे टर्मिनस करावे लागले. अलीकडच्या काळात भुसावळहून नंदुरबार, सुरतमार्गे सुरू झालेली खानदेश एक्स्प्रेस प्रथम त्या वांद्रे टर्मिनसपर्यंतच धावत होती.